राखाडी चालेल, सोनेरी नको

गेल्या श्रावणात मुलुंडच्या एका सोसायटीत शोकसभा झाली. तळमजल्यावर जिथे गाड्या लावतात तिथे खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर हार घातलेला फोटो, उदबत्ती, बाजूला पाण्याच्या बाटल्या. सोसायटीचे चेअरमन बोलायला उभे राहिले. पन्नाशीतले गृहस्थ, आवाज भारदस्त. म्हणाले, "सुमनकाकींनी पतीच्या निधनानंतर आयुष्यभर कसलीही हौस केली नाही. साधी राहणी. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही." पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मी तिसऱ्या रांगेत होते. मला इतका राग आला की वाहायला आणलेलं फूल माझ्या मुठीतच चुरगळून गेलं.

उठून बोलायला हवं होतं. पण चार माणसांत उभं राहून बोलणं मला कधी जमलं नाही. घरी आले, पुस्तक उघडून बसले, एक ओळ वाचली गेली नाही. नंतर या अंकाच्या संपादकांचा फोन आला. "तुम्ही इतकी वर्षं घरं सजवलीत, काही गमतीदार अनुभव लिहा." गमतीदार अनुभव खूप आहेत. पण आता हात चालतो तो हळू चालतो आणि चालतो तो एकाच घराकडे. म्हणून गमती थोडक्यात सांगते आणि त्या घराकडे वळते.

ऐंशीच्या दशकात उपनगरांत इंटिरिअर डेकोरेटर म्हणून एखादी बाई दारात उभी राहिली की पहिला प्रश्न असायचा, "साहेब मागून येतायत का?" साहेब नाहीत, मीच आहे, असं सांगितलं की दुसरा प्रश्न, "म्हणजे पडदे वगैरे शिवता का?" माझ्याकडे डिप्लोमा होता, हातात टेप होता, खांद्याला नकाशांची नळी होती. तरी सुतार माझ्याशी बोलताना माझ्या मागच्या भिंतीशी बोलायचे.

घाटकोपरच्या एका कापडवाल्यांना दिवाणखान्यात खोटं छत हवं होतं, कारण त्यांच्या व्याह्यांकडे होतं. खोलीची उंची मुळात बेताची. मी म्हटलं, "छत खाली आलं की पंखा खाली येईल, आणि तुमचे उंच जावई आले की..." ते म्हणाले, "जावई बसून असतात." अंधेरीच्या एका गृहस्थांनी भिंतीतल्या कपाटाला दोन दारं करून मागितली. एक उघडलं की देव, दुसरं उघडलं की बाटल्या. दोन्ही दारं एकाच वेळी उघडता कामा नयेत, ही त्यांची अट. मी तशी कडी बसवून दिली. बोरिवलीला एका शोकेसमध्ये नातेवाइकांनी काश्मीरहून आणलेले सात शिकारे होते, सगळे ओळीनं उभे, जणू पूर यायची वाट बघतायत.

हसू येण्यासारखं एवढंच. बाकी चीड यावी असंच होतं. या घरांत 'हॉल' म्हणतात ती खोली दहा बाय चौदाची. त्यात पाहुणे बसतात, मुलं अभ्यास करतात, म्हातारी माणसं झोपतात, गणपती बसतो, मुलगी दाखवतात, आणि माणूस गेलं की त्याला तिथेच ठेवतात. एवढं सगळं सोसणाऱ्या खोलीत दिवसभर वावरायचं बाईनं आणि रंग ठरवायचा पुरुषानं. मी मुद्दाम विचारायची, "इथे कपड्यांच्या घड्या कोण घालतं? दुपारी आडवं कोण होतं, कुठे?" मग ते स्वयंपाकघराकडे मान वळवून ओरडायचे, "अगं, ह्या काय विचारतायत बघ!" ती पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, "यांना आवडेल ते करा."

सुमन परब असं म्हणाल्या नाहीत.

त्या आणि त्यांचे यजमान वसंतराव एका रविवारी माझ्या घरी आले. माझं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. वसंतराव मुलुंडच्या एका कारखान्यात फोरमन, मूळचे मालवणकडचे. सुमनताई टेलिफोन ऑपरेटर. मूलबाळ नव्हतं. गिऱ्हाइकं सहसा मासिकातून फाडलेली चित्रं आणायची. सुमनताईंनी पिशवीतून एक साडी काढली आणि माझ्या टेबलावर पसरली. राखाडी बंगलोर सिल्क, त्याला सोनेरी काठ.

"अशी खोली करा," त्या म्हणाल्या.

"हिला घराला साडी नेसवायचीय मॅडम," वसंतराव म्हणाले. "मी म्हटलं पिस्ता रंग लावू. पिस्ता कसा डोळ्यांना थंड असतो."

"मग डोळ्यांना लावा तुम्ही. कंपनीत उरतो ना पिस्ता, म्हणून आठवतोय."

"बघा, अशी बोलते. दिवसभर लोकांचे फोन तोडते, तेवढ्यानं भागत नाही."

"तोडत नाही, जोडते," सुमनताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "दिवसभर कानाला ते लावून दुसऱ्यांचं बोलणं जोडून देते मी. संध्याकाळी घरी आल्यावर गप्प बसायला एक छान खोली हवी आहे. मला. पाहुण्यांसाठी नाही."

माझ्या सगळ्या धंद्यात इतकं स्वच्छ मागणं मी दुसरं ऐकलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, राखाडी म्हणजे पांढऱ्यात काळा घातला की झाला. तसा राखाडी ट्यूबलाइटखाली निळा पडतो आणि त्यात बसलेली माणसं आजारी दिसतात. त्यात थोडा पिवळा आणि अगदी कणभर तांबडा जावा लागतो, म्हणजे तो उबदार होतो. सोनेरीचं दुखणं वेगळं. तेव्हा सोनेरी म्हणजे पितळेची पूड. ती वार्निशमध्ये कालवायची, कालवली की लगेच वापरायची, आणि ब्रश एकदा फिरला की पुन्हा त्यावरून न्यायचा नाही. नेला तर ढग उठतात. भरपूर लावली की खोलीचा जत्रेतला पाळणा होतो. म्हणून मी ठरवलं, सगळ्या भिंती राखाडी. भिंत जिथे छताला मिळते तिथे चारही बाजूंनी प्लास्टरची वीतभर रुंद पट्टी काढायची आणि फक्त ती सोनेरी. तो काठ. खिडकीला जाड सोनेरी कापडाचा पडदा, तो पदर. सुमनताईंनी नकाशा बघितला, साडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हं. झकास." वसंतराव म्हणाले, "आणि मी कुठे बसायचं? मी मॅच होत नाही."

दसरा झाला आणि काम सुरू केलं. उपनगरात सगळ्यांनाच दिवाळीआधी रंग हवा असतो, पण माझा रंगारी हरीभाऊ वेळेचा पक्का. त्यानं भिंती खरवडल्या, भेगाखड्ड्यांत लांबी भरली, घासल्या. छताखालची पट्टी काढून झाली. राखाडीचा पहिला हात तीन भिंतींना लागला. सुमनताई ऑफिसातून आल्या की बॅग खाली न ठेवता उंबऱ्यात उभ्या राहून आधी भिंतीकडे बघायच्या. पडद्याचं कापड आम्ही दोघींनी जाऊन आणलं होतं.

एका सकाळी वसंतराव कारखान्यातच कोसळले. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

मी गेले तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ दत्ताराम घामाघूम होऊन खोली रिकामी करत होते. सामान आम्ही मधोमध ओढून चादरींनी झाकून ठेवलं होतं. ते त्यांनी एकट्यानं उचलून जिन्यात काढलं, जमिनीवरचे रंगानं माखलेले कागद गोळा केले आणि भावासाठी जागा केली. भिंती अजून ओल्या होत्या. जो टेकला त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला पाठीवर राखाडी लागला. कोणीतरी म्हणालं, "वासानं गरगरतंय, खिडकी उघडा." खिडकी उघडीच होती. सुमनताई कोपऱ्यात बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती बायका होत्या. मी त्यांच्यापर्यंत पोचले नाही. खाली आले आणि हरीभाऊला सांगितलं, निरोप देईपर्यंत येऊ नकोस.

दिवसकार्य झाल्यावर दत्तारामांनीच मला बोलावलं. खोलीत सतरंजीवर ते, त्यांची बायको लता, आणि भिंतीला टेकून सुमनताई. कपाळ रिकामं, अंगावर साधी पांढरट साडी.

"मॅडम, तुमचा काम तेवढा आवरून घ्या," दत्ताराम म्हणाले. "राखाडी काय तो पुरा करा. सोनेरी नको."

"का?"

"का म्हणजे? माणूस गेल्यावर वर्षाच्या आत घराला रंग लावत नाय आमच्यात. गुरुजींनी पण सांगितलाय."

"राखाडी पण रंगच आहे ना."

"तो चालेल. तो तसा काय रंग नाय."

"राखाडी शोभेल पण," लता म्हणाली. "सोनेरी लावला तर लोकं काय बोलतील, वहिनीक कसली हौस सुचता म्हणून."

मी पुस्तकं वाचणारी. वाद घालता येत नाही, पण आधार शोधता येतो. मी मुलुंडमधल्याच एका म्हाताऱ्या गुरुजींना आधी विचारून आले होते. त्यांनी सांगितलं होतं की सुरू झालेल्या कामाला सुतक लागत नाही, ते पुरं करायचं असतं. हे मी दत्तारामांना सांगितलं.

"ते तुमच्यात असेल," ते म्हणाले. "आमच्यात नाय."

"पण तुम्हीच आत्ता गुरुजींचं नाव..."

"मॅडम, घरच्या गोष्टी आहेत. तुम्ही रंगाचं बघा."

मी रंगाचंच बघत होते. भिंतीचे दोन रंग माणसांनी असे वाटून घेतलेले मी याआधी पाहिले नव्हते. साडीचा काठ उसवावा तसा ही माणसं खोलीचा काठ उसवत होती, आणि बोलत होती शांतपणे, काळजीच्या सुरात. मी सुमनताईंकडे बघितलं. त्यांची नजर छताखालच्या पांढऱ्या पट्टीवर होती.

"कुंदा, राहू दे," त्या म्हणाल्या. मला एकेरी हाक त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मारली.

लता उठली, कपाटावरचा सोनेरी कापडाचा गठ्ठा तिनं खाली काढला आणि बोटांनी चाचपून म्हणाली, "हे वाया कशाला घालवायचं? आमच्याकडे दोन खिडक्यांना होईल."

"ते माळ्यावर ठेव, लता," सुमनताई म्हणाल्या. तेवढं एकच वाक्य त्या दिवशी त्यांनी जोरात म्हटलं.

हरीभाऊनं राखाडी पुरा केला. वर चारही बाजूंनी पट्टी तशीच कोरडी, पांढरी, लांबी भरलेली. अर्धं काम सोडून येणं कारागिराला किती लागतं ते बाहेरच्याला कळत नाही. मी रस्त्यानं जाताना त्या खिडकीकडे बघायचं टाळत असे. एकदा सुमनताईंनी ऑफिसातून फोन केला. मी तावातावानं म्हटलं, "तुम्ही का ऐकून घेता? घर तुमचं, पगार तुमचा." त्यांनी आधी एक कॉल जोडून दिला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तो धावला गं. हॉस्पिटल, कारखाना, सगळं त्यानं केलं. एकट्यानं सोफा उचलला. मी त्याला तोंडावर कसं बोलू?" पण एखाद्यानं आपल्या दुःखात सोफा उचलला म्हणून त्याला आपल्या भिंतींवर कायमचा हक्क मिळतो का, हा प्रश्न मला अजूनही पडतो. आपल्याकडे मिळतो. लोक मदत करतात आणि मग त्या मदतीवर मांडी घालून बसतात.

चैत्रात सुमनताईंचा पुन्हा फोन. "संध्याकाळी ये. भाऊजी येतायत. मला कुणीतरी सोबत हवं."

दत्ताराम आणि लता पेढे घेऊन आले होते. त्यांच्या मुलीचं, माधवीचं, जमलं होतं. मुलगा विक्रोळीचा, बँकेत. घरात माणूस गेल्यावर कार्य करायचं तर वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा रिवाज सगळ्यांना माहीत आहे. त्यात मला काही गैर वाटलं नाही. पोरीनं का थांबावं? सुमनताईंनी पेढा खाल्ला. माधवीवर त्यांचा जीव होता. लहानपणी ती सुट्टीत त्यांच्याकडेच असायची.

मग दत्ताराम खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "वहिनी, साखरपुडा हयच करूया म्हणतंय. आमची घाटकोपरची खोली तुम्हाला ठाऊक आहे, एवढी माणसं मावणार नाय. हा हॉल बरा."

"करा ना," सुमनताई म्हणाल्या.

"फक्त ती वरची पट्टी तेवढी पुरी करून घ्या." ते माझ्याकडे वळले. "मॅडम आहेतच. पाहुणे येणार, अर्धवट बरं दिसत नाय. आणि ते पडद्याचं कापड पण आहे ना माळ्यावर? लावून टाका."

मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"सोनेरी?" सुमनताईंनी विचारलं.

"मग काय तर! शुभकार्य आहे."

"वर्ष झालं नाही अजून भाऊजी."

"ते कार्यासाठी चालता."

सुमनताईंनी पेढ्यांचा डबा बंद करून बाजूला ठेवला. ऑपरेटरच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "आणि मी कुठे बसू?"

लतानं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं पंख्याकडे.

"तुम्ही आत चहापाण्याचं बघा ना वहिनी," लता म्हणाली. "तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमतंय? बाहेर आम्ही आहोतच."

"म्हणजे खोलीला सोनं चालतं आणि मला खोली चालत नाही."

"असं काय बोलताय? आम्ही काय तुम्हाला परकं समजतो?" दत्तारामांचा आवाज चढला. "मुलीकडची बाजू आहे आमची. त्यांच्या घरात चार म्हाताऱ्या बायका. समोर तुम्ही दिसलात तर नको ते बोलतील. तुमच्याच भल्यासाठी सांगतंय."

इथे मला लिहिताना थांबावं लागतं. दत्ताराम वाईट माणूस नव्हते. त्यांना त्या क्षणी खरंच वाटत होतं की ते वहिनीला वाचवत आहेत. मला संताप येतो तो याचाच. दुष्ट माणसाशी भांडता येतं. भलं करायला निघालेल्या माणसाशी कसं भांडायचं, ते शाळेत शिकवत नाहीत आणि पुस्तकातही मला कुठे सापडलं नाही.

सुमनताईंना ते येत होतं.

"भाऊजी, साखरपुडा इथेच करा," त्या म्हणाल्या. "माझी ना नाही. पट्टी करून घेते, पडदा लावते. पण दारात अत्तर-गुलाबपाणी मी करणार. माधवीला पहिल्यांदा मी ओवाळणार. ती राखाडी साडी नेसून मी याच खोलीत, या खुर्चीवर बसणार. म्हाताऱ्यांना चालत असेल तर तारीख कळवा."

"आणि नाय चालली तर?"

"तर पेढे चांगले होते."

ते उठले. चपला घालताना दत्ताराम मला म्हणाले, "तुम्ही शिकवलेलं दिसतंय." सुमनताईंनी आतूनच उत्तर दिलं, "तिला शिकवता येत नाही भाऊजी, ती नुसती वाचते."

साखरपुडा घाटकोपरलाच ठरला, चाळीच्या गॅलरीत मांडव घालून. सुमनताईंना निरोप आला, "जेवायला या." म्हणजे ओवाळणं, साडीचोळी, सगळं आटोपल्यावर. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "कुंदा, त्याच रविवारी सोनेरीचा डबा घेऊन ये. आणि हरीभाऊंना सांग."

हरीभाऊला मी सांगितलं. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "कार्य आहे का घरात?"

"नाही. तिला हवंय म्हणून."

"मग मला नको मॅडम. वर्षाच्या आतला सोनेरी. माझ्या घरी बायको आहे."

"तुझ्या बायकोला काय होणार आहे?"

"काय होणार नाही. पण उद्या काय झालं तर मला हेच आठवेल ना." असं म्हणून त्यानं ब्रश मात्र दिले, शिडी दिली, आणि पूड कशी कालवायची ते मला पुन्हा सांगितलं, जणू मला माहीत नव्हतं. मला त्याचाही राग आला. इतकी वर्षं माझ्याबरोबर काम केलेला माणूस. पण शिडी त्यानं स्वतः दुसऱ्या मजल्यावर चढवून दिली, हे सांगायलाच हवं.

आम्ही डेकोरेटर लोक बोटानं दाखवतो, ब्रश दुसरा धरतो. शिकताना धरला असेल तेवढाच. त्या रविवारी सकाळी मी डब्यात वार्निश ओतलं, पूड टाकली, ढवळलं. सुमनताईंनी वसंतरावांचा जुना शर्ट घातला होता, डोक्याला रुमाल. मी म्हटलं, "मी चढते." त्या म्हणाल्या, "तू खाली धर. घर माझं आहे."

सरळ रेघ धरायला आम्ही नीळ लावलेली दोरी ताणून भिंतीवर मारली. तरीही काठ वाकडा गेला. खिडकीजवळ त्यांनी ब्रश परत फिरवला आणि ढग उठला. मी खालून ओरडत होते, "परत नाही, परत नाही न्यायचा!" त्या वरून, "मग आधी सांगायचं!" "सांगितलं होतं!" "सांगितलं असशील पुस्तकातलं!" वार्निशच्या वासानं आम्ही दार उघडं ठेवलं होतं. शेजारच्या बाई आधी डोकावल्या, मग वरच्या मजल्यावरच्या दोघी. दाराशी ही एवढी गर्दी.

"काय गं सुमन, साखरपुडा इथेच आहे का?"

"नाही. घाटकोपरला."

"मग हे काय? कसलं कार्य?"

"कसलं नाही," शिडीवरून सुमनताई म्हणाल्या. "खोली करतेय. आत यायचं तर कागदावरून या, आणि भिंतीला टेकू नका."

त्या आत आल्या नाहीत. गेल्याही नाहीत. दुपारपर्यंत दाराशी ये-जा चालू होती. त्यातली एक, वरच्या मजल्यावरची, शेवटी चहा करून घेऊन आली. कप शिडीच्या पायरीवर ठेवला आणि निघून गेली. संध्याकाळी आम्ही पडद्याच्या कापडाला नुसतीच दुमड घालून ते दांडीवर चढवलं. शिवायला वेळ नव्हता. ट्यूब लावली. राखाडी निळा पडला नाही. सुमनताई खुर्चीत बसल्या आणि गप्प बसल्या. मी शेजारी बसले. त्यांना हवी होती ती खोली तीच, आणि त्यात बसून त्या पहिल्यांदा हुंदके देऊन रडल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

याचे परिणाम झाले. दत्तारामांनी सगळीकडे सांगितलं की त्या डेकोरेटर बाईनं आमच्या वहिनीला बिघडवलं. त्याच सोसायटीतली माझी दोन ठरलेली कामं गेली. एका गृहस्थांनी तोंडावर सांगितलं, "आमच्या घरात बायका आहेत मॅडम." मी कोणाला बिघडवलं असतं तर मला अभिमान वाटला असता. मी फक्त डबा नेला आणि शिडी धरली.

दसऱ्यानंतर वसंतरावांचं वर्षश्राद्ध आलं. सुमनताईंनी मला जेवायला बोलावलं होतं. मी जरा घाबरतच गेले. सगळं कुटुंब हॉलमध्ये पंगतीला बसलेलं, केळीची पानं, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. माधवी नवऱ्याबरोबर आली होती आणि वाढायला मदत करत होती. सुमनताई ती राखाडी साडी नेसल्या होत्या, काठ पायापर्यंत नीट सोडून. लता पानात बघत होती. दत्ताराम मात्र पुन्हा पुन्हा मान वर करत होते. त्यांची नजर छताखालून निघायची, चारही भिंती फिरून खिडकीजवळच्या ढगापाशी यायची आणि तिथे थांबायची. हात वाटीकडे जायचा तो अंदाजानं.

सुमनताई सांबाऱ्याचं भांडं घेऊन पंगतीतून वाढत त्यांच्या समोर आल्या. वाकल्या, वाटी भरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, वरचं वाळलंय कधीच. खाली बघा, सांबारं सांडतंय."

लतालाच आधी हसू फुटलं. तिनं घाईनं तोंडाला पदर लावला, तोवर उशीर झाला होता.